सगळ्यात खालची पायरी

प्रुडेन्सिया बाईंनी आमच्या गावाला वादळाचे इंग्रजी शब्द शिकवले. एकतीस वर्षं शिकवले, आणि इतके पक्के शिकवले की शेवटी तेच पुसायला त्यांना दारोदार हिंडावं लागलं.

समार बेटाच्या या किनाऱ्यावर वादळांना तोटा नाही. आमच्या वाराय बोलीत लहानमोठ्या सगळ्या वादळांना एकच शब्द, पण रेडिओवर मात्र इंग्रजीतली पाच नावं. म्हणून बाई पोरांना शाळेच्या पायऱ्यांवर उभं करत. सगळ्यात खाली डिप्रेशन, त्याने नुसती बोटं हलवायची. त्याच्या वर स्टॉर्म, त्याने हात हलवायचे. मग सिव्हिअर स्टॉर्म, मग अंगभर डोलणारा टायफून. सर्वांत वर सुपर टायफून, तो उडी मारून सगळ्यांना पाडायचा. वरच्या पायरीसाठी मारामाऱ्या होत. खाली वर्गातला सगळ्यात किरकोळ पोरगा. विल्मार तिथे तीन वर्षं उभा राहिला. आज दोन मुलींचा बाप आहे, तरी मित्र त्याला "ए डिप्रेशन" म्हणूनच हाक मारतात.

तर टायफून म्हटलं की गाव चर्चमध्ये. स्टॉर्म म्हटलं की छपराला दोर. डिप्रेशन म्हटलं की वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, बस्स.

नाताळ होऊन तीन दिवस झाले होते. रेडिओने डिप्रेशन म्हटलेल्या वादळाचा पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. बाईंची चूल भिजली म्हणून सकाळच्या प्रार्थनेनंतर त्या माझ्याकडे रताळी खायला आल्या. रेडिओवर हवामानाची एक मुलगी सांगत होती, "ही नावं फक्त वाऱ्याच्या वेगावरून देतात. पाऊस किती पडेल, ते त्यात नसतं. नुसत्या डिप्रेशननेही डोंगर खाली येतो."

बाईंनी हातातलं रताळं ताटलीत परत ठेवलं.

"मी वाऱ्याचं कधी बोलले होते का गं?"

मीही त्यांचीच विद्यार्थिनी. खोटं कसं बोलू? "नाही बाई. तुम्ही लहान वादळ, मोठं वादळ एवढंच म्हणायचात."

"छत्री घे," त्या म्हणाल्या.

बाई एकाहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे सुजलेले. डोंगराच्या पायथ्याशी नऊ घरं. ओढ्याचं पाणी चहासारखं लाल झालेलं. देवाने क्षमा करावी, मी मनात जपमाळ म्हणत होते, पण सगळं लक्ष बाईंच्या पावलांकडे. दर घरी त्या तेच सांगत: मी चुकीचं शिकवलं, डिप्रेशननेही डोंगर येतो, चर्चमध्ये चला. दर घरी आवाज थोडा खाली जाई. दुपारपर्यंत आठ घरं झाली, त्यांतली तीन चर्चकडे निघाली. बाकीची हसली.

"बाई, परीक्षेत डिप्रेशन सगळ्यात लहान असं लिहिलं तर दहापैकी दहा दिलेत. आता मार्क परत घेता का?" हसणाऱ्यांतली टोमासा म्हणाली.

"घेते. सगळ्यांचे घेते."

शेवटचं घर विल्मारचं, अगदी उताराला टेकलेलं. तो नव्या वर्षासाठी पोसलेल्या डुकराला कोंडा घालत होता.

"मी स्वतः डिप्रेशन होतो, बाई. माझ्याहून जास्त कोण ओळखणार त्याला? बघा ना, केळीचं पान हलत नाही."

"पान हलणार नाही, विल्मार. डोंगर हलेल."

"आल्यासारखं बसा, पेज घ्या. मेर्लिता, बाईंना वाटी दे गं," त्याने बायकोला सांगितलं.

बाई बाकावर बसल्या. त्यांनी वाटी घेतली नाही. म्हणाल्या, "मला आता चालवत नाही. मला चर्चपर्यंत पाठीवर ने."

मला वाटलं, युक्ती असेल. चेहरा पाहिला. युक्ती नव्हती.

"नेतो की," विल्मार वरमला.

"वर छत्री कोण धरणार?"

"मेर्लिता धरेल."

"मग मुली काय एकट्या राहतील?"

तो डोकं खाजवू लागला. "आणि डुक्कर?"

"डुकराला चार पाय आहेत. माझ्यासारखं नाही ते."

असे आम्ही निघालो. पाठीवर बाई, बाजूला छत्री घेतलेली मेर्लिता, मागे माझ्या हाताला धरून दोघी मुली, थोरलीच्या हातात डुकराची दोरी. "बाई, तुम्ही टायफूनएवढ्या जड आहात हो," विल्मार धापा टाकत म्हणाला. ती वरात पाहायला उरलेली घरं दारात आली. आधी हसली, मग काय वाटलं कोण जाणे, चटया गुंडाळून मागून चालू लागली.

आम्ही चर्चमध्ये बसलो होतो, साडेतीनला आवाज झाला. बांबूची मोळी टाकावी तसा, पण थांबेचना. पुरुष बघायला धावले. परत आल्यावर विल्मार बाईंच्या बाकापाशी जमिनीवरच बसला.

"खिडकीपर्यंत आहे, बाई. चिखल. आतसुद्धा."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. "चूक माझी होती."

"जाऊ द्या हो. आम्ही आलो ना."

"तू आलास. बाकीच्यांचं काय? माझ्या कितीतरी पोरी लग्न होऊन दुसऱ्या डोंगरांखाली गेल्यात. आपल्या मुलांना तशाच पायऱ्यांवर उभं करत असतील." मग मला म्हणाल्या, "तुझ्याजवळ वही आहे ना? लिही. प्रत्येकीला निरोप धाडायचा."

त्या नाव सांगत, मग सासरचं गाव, मग दम घेत. अकराव्या नावावर त्यांचा डोळा लागला. मी उठवलं नाही. मला आठवत होत्या तेवढ्या मुली मी पुढे लिहीत गेले.