भरल्या गाडीखालचे मामा

सायलेन्सरवाल्या मामांचा एक नेम होता: भरलेली गाडी बघितल्याशिवाय वेल्डिंगचा पक्का टाका मारायचा नाही. मग गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसो.

त्या दिवशी गिऱ्हाईक होते खुद्द दाजी. बहिणीचा नवरा, म्हणजे मानाचं माणूस! त्यांची पिकअप त्यांच्या लग्नाहून जुनी. लोकांचं घरसामान वाहून त्यांचं पोट चाले. उद्या सकाळी धुराची तपासणी. नापास झाली तर गाडी थेट भंगारात. मामांनी सडकी नळी काढून फेकली, इंजिनाच्या दोन्ही अंगांना धूर गाळणारे कन्व्हर्टर बसवले आणि दोन चकचकीत नळ्या मागपर्यंत नेल्या.

“झालं की मेहुणे! मारा पक्कं वेल्डिंग.”

“दाजी, गाडी लिफ्टवर आहे. चाकं लोंबकळतायत, म्हणून एक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, नि नळी यांच्यात जागा दिसतेय. सामान भरलं की गाडी दबणार, नळी दांड्यावर आपटणार.”

“मग भरा!”

भरायला सामान कुठलं? दाजींनी घरी फोन लावला. अर्ध्या तासात अख्खं घर हजर. गाडी खाली उतरवून मामा तिच्याखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात शिरले आणि वर मंडळी चढली. दाजींच्या आत्याबाई तेवढ्या स्टुलावर बसून राहिल्या.

“मी नाही बाई. गाडी दबली की माझंच नाव घ्याल.”

“आत्याबाई,” खड्ड्यातून आवाज आला, “अजून दोन बोटं जागा आहे. तुमच्याशिवाय निकाल लागायचा नाही!”

“म्हणजे? मी काय कपाट आहे?”

“कपाट हलकं असतं,” मामांची बहीण पुटपुटली. हशा असा पिकला की गाडी झुलली आणि मामांनी डोकं वाचवलं. आत्याबाई रागारागाने वर चढल्या, नि डावी नळी एक्सलला लागली... ठण्ण!

मामांनी खालून हाक दिली.

“उपकार झाले, आत्याबाई! हे उद्या रस्त्यात झालं असतं. हलू नका!”

आता आत्याबाईंना चेव चढला. “ए, कुणी श्वास जोरात घ्यायचा नाही! मिस्त्रीचं माप चुकेल.” मामांनी खडूने खूण केली, मंडळी उतरवली, नळी कापून पुन्हा वाकवली आणि मग कुठे पक्का टाका मारला.

सकाळी तपासणीवाल्याने आधी डाव्या नळीत यंत्र घातलं, मग उजव्या. पास! दाजींनी कागद कपाळाला लावला, बॉनेटवरून हात फिरवला, डोळे भरून आले. “माझी सोन्यासारखी गाडी गं!”

काजळीने माखलेले मामा कॉलर सारखी करून शेजारी उभे. बराच वेळ उभे. शेवटी दाजींचं लक्ष गेलं.

“अहो मेहुणे, जरा बाजूला व्हा. हिला वळवायचीय.”