डब्यातला जपानी झेंडा

गुरुवारी दुपारी दोन वाजता मी आणि माझी बायको सुमनने माझी फौजेतली ट्रंक इंग्लंडात, लीड्सला मुलीच्या घराच्या परसात उन्हाला काढली. दरवर्षीची फटीग, म्हणजे फौजी भाषेत साफसफाईचं काम. सुमनने जपानी झेंडा टेबलावर पसरला आणि शेजारच्या युकोला हाक मारली. ही जपानी मुलगी इथे युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते.

झेंडा मला मणिपूरच्या पोस्टिंगला मिळाला. मी हवालदार. दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या लढाईच्या जागेवर आमचं सेक्शन बंकर खोदत होतं. ऑर्डर साफ होती: लोखंड लागलं की काम बंद, इंजिनिअर्सना बोलवा. दहा वाजून वीस मिनिटांनी लान्स नाईक भिकूला डबा लागला. त्याने तो माझ्याकडे फेकला.

"घ्या हवालदारसाब, जपान्याने तुमच्यासाठी बिस्किटं ठेवलीत."

डब्यात हा झेंडा. भिकूने पुढचा घाव घातला. खाली जुना ग्रेनेड होता.

रेडिओवर मीच बोललो. "वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"हालत?"

"खलास. ओव्हर."

तेव्हापासून झेंडा मी सोडला नाही.

सुमनने माझ्या नकळत त्याचा फोटो युकोला दिला होता. झेंड्यावर मधोमध लिहिलेली मोठी अक्षरं ज्या जपानी शिपायाचा तो झेंडा, त्याच्या हेडमास्तरची, युकोने सांगितलं. 'सात जन्म घेऊन देशासाठी मरू.' त्या काळात तिकडे फौजी अफसरांनी आपलेच मंत्री घरात घुसून मारले. पुढे पक्ष बंद झाले. राजा देव आहे, असं शाळेत शिकवलं. नाही म्हणेल तो जेलमध्ये. आजही काही लोक गाडीला भोंगे लावून तेच ओरडतात, म्हणाली. त्यांना झेंडा मिळाला तर मिरवतील.

कोपऱ्यात त्या शिपायाच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं, वाकड्या अक्षरात. तिचा मुलगा आजही शिपायाच्या जुन्या घरात राहतो. युकोने पत्ता आणला होता.

"घरी पाठवा," सुमन म्हणाली.

"शत्रूचं आहे ते."

"अहो, पोरगं होतं. मास्तरने मरायला शिकवलं, ते मेलं. तुमचं काय अडलंय?"

मी झेंडा घडी घालून परत ट्रंकेत ठेवला.

साडेसहाला चहा ओतता ओतता सुमन खाली बसली. ॲम्ब्युलन्स अकरा मिनिटांत आली. तोवर सुमन गेली होती.

शुक्रवारी सकाळी नऊला मी पोस्ट ऑफिसच्या दारात होतो.

"बाबा, आज कशाला?" मुलगी म्हणाली.

"आजच."

झेंड्यासोबत चिठ्ठी घातली. मी सातवी पास, मराठीतच लिहिली. त्यात लिहिलेलं सुमनला कधी सांगितलं नव्हतं.

'हा डबा लान्स नाईक भिकू साळुंखे याने काढला. त्याला थांब म्हणायचं काम माझं होतं. मी डबा उघडत होतो.'