गॅस संपलेल्या दीर्घिका

माझी मुलगी आकाशातल्या छोट्या दीर्घिकांचा अभ्यास करते. त्यांतल्या काहींमध्ये नवे तारे जन्मणं बंद पडतं. ते का बंद पडतं, हे ती शोधते. पाहुण्यांना सांगायला म्हणून एवढं मी केव्हाच पाठ करून ठेवलं होतं. त्याच्या पुढचं मला अक्षरही येत नव्हतं, आणि पाहुण्यांनीही कधी विचारलं नाही. "अच्छा" म्हणायचे आणि चहाचा कप उचलायचे.

उमरखेडच्या एका शाळेत मी शिवण शिकवायची. एवढ्या वर्षांच्या नोकरीत स्टेजचा संबंध आला तो फक्त गॅदरिंगला, तोही पडद्यामागे, तोंडात टाचण्या धरून. भाषण असं कधी केलं नाही.

मागच्या थंडीत ढाणकीच्या मुलींच्या शाळेनं माझ्या मुलीला व्याख्यानाला बोलावलं. ती हो म्हणाली. आणि कार्यक्रम दोन-तीन दिवसांवर आला असताना तिचा फोन.

"आई, मले दुर्बीण भेटली!"

"भेटली? मंग ठेवशीन कुठी? तुही खोली तं एवढीशी."

ती हसत सुटली. दुर्बीण तिनं विकत घेतली नव्हती. दूर पहाडावरच्या मोठ्या दुर्बिणीवर कुणाचा तरी वेळ रद्द झाला होता आणि तो हिला मिळाला होता. असा वेळ मिळायला किती अर्ज करावे लागतात, ते मी तिच्या तोंडून ऐकून होते.

"मंग ढाणकीचं काय?"

"तू जाय ना."

"मी? मी जाऊन काय सांगू, काज-बटन?"

तिचे बाबा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "शाळेनं मंडप टाकला असन. नाही म्हणनं बरं दिसत नाही. मी नेतो गाडीवर." त्यांना काय, त्यांना फक्त गाडी चालवायची होती.

मग फोनवर माझी शिकवणी सुरू झाली. ती सांगायची, मी म्हणून दाखवायची, ती चूक काढायची. "आई, तारे विझत नाहीत. जुने तसेच राह्यतात. नवे होत नाहीत, एवढंच." हे ती इतक्यांदा म्हणाली की मला रागच आला. पण ते डोक्यात पक्कं बसलं ते त्यामुळेच.

ढाणकीला पोचलो तर सभागृह भरलेलं. मुली खाली सतरंजीवर, आणि मागं खुर्च्यांवर त्यांच्या आया, आज्या. मुख्याध्यापिकाबाईंनी "शास्त्रज्ञ कन्येच्या मातोश्री" अशी ओळख करून दिली, टाळ्या पडल्या, आणि माईक माझ्या हातात आला. पाठ केलेलं पहिलं वाक्य मी मनात दोनदा म्हणून घेतलं.

"दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव," मी सुरुवात केली. "आपला सूर्य ज्या गावात राहतो, ते फार मोठं. पण आजूबाजूला लहान लहान वाड्या-वस्त्याही असतात. आणि तारे तयार होतात गॅसपासून."

"आपल्या घरी येते तो?" मागून एका बाईनं विचारलं.

सगळे हसले. मीही हसले, आणि कसं कोण जाणे, भीती गेली.

"तो नाही वो माय. हा वेगळा, थंडगार, विरळ. पण गोष्ट तीच, संपला की चूल बंद."

यानंतर पाठ केलेलं सगळं मी विसरले आणि आपल्या भाषेत सुरू झाले. लहान दीर्घिकेची ओढ कमी, गॅस धरून ठेवायची ताकद कमी. तिच्यातलाच एखादा मोठा तारा फुटला, तर त्या दणक्यानं गॅस बाहेर उधळतो. ती मोठ्या दीर्घिकेच्या जवळून फिरायला लागली, तर मोठीभोवतीचा गरम वायू तिचा गॅस ओरबाडून काढतो. आणि अगदी चिमुकल्या होत्या, त्यांचा गॅस तर विश्व लहान होतं तेव्हाच पहिल्या ताऱ्यांच्या उजेडानं तापून गेला. तापलेला गॅस गोळा होत नाही, गोळा झाल्याशिवाय तारा होत नाही.

तांड्यावरून नातीसोबत आलेल्या एक आजीबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे तिच्या घरी आता म्हातारे-म्हातारेच राह्यले?"

"हो. आणि म्हातारे तारे लालसर असतात. म्हणून ती दीर्घिकाही लालसर दिसते."

"मंग मोठीच्या शेजारी राहूच नाही लहानीनं," आजीबाईंनी निकाल दिला. सासुरवास सोसलेल्या बऱ्याच बायकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी उठून उभी राहिली. "बाई, ज्या लहानग्या दूर एकट्या राहतात, त्यांचे तारे होतच राहतात का? आणि बंद पडलेली पुन्हा सुरू होते का?"

हे माझ्या शिकवणीत नव्हतं. मी मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "थांब, जिला माहीत आहे तिलाच विचारू."

फोन लावला, स्पीकर सुरू केला, माईकजवळ धरला. रात्रभर जागून मुलगी नुकतीच झोपली असणार. पलीकडून घोगरा आवाज आला, "आई, काय झालं? बाबा बरे हायेत ना?"

सगळं सभागृह खो-खो हसलं. मागं बसलेल्या बाबांनी उभं राहून हात हलवला, जणू तिला ते दिसणारच होतं.

मी प्रश्न सांगितले. तिचा आवाज एकदम जागा झाला. दूर एकट्या राहणाऱ्या बहुतेक लहान दीर्घिकांमध्ये तारे होत राहतात, ती म्हणाली. बंद पडलेली कधी कधी पुन्हा सुरू होते, उधळलेला गॅस निवून परत आला तर. "पण काही एकट्या असूनही बंद पडल्या. त्या काहून, ते मले अजून माहीत नाही. तेच पाहून राह्यली मी इथं."

आजीबाई नातीला म्हणाल्या, "माहीत नाही म्हणते वो हे तं! एवढी शिकली तरी!"

मला वाटलं आता हसतील. पण ती दोन वेण्यांची मुलगी फोनकडे झुकून म्हणाली, "ताई, समजलं की आम्हाले सांगसान?"

"नक्की सांगीन," फोनमधून आवाज आला. मुलीला बक्षिसं मिळाली तेव्हाही मला तिचा एवढा अभिमान वाटला नव्हता. एवढ्या लोकांत माईकवर "माहीत नाही" म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा खाली गेला नाही.

शाल मिळाली, नारळ मिळाला, मुलींनी गराडा घालून सह्या मागितल्या. शिवणाच्या बाईची सही! परतीच्या वाटेवर बाबा वळणावळणावर उगीच हॉर्न वाजवत होते.

उन्हाळ्यात मुलगी घरी आली, तेव्हा आम्ही दोघी ढाणकीला गेलो. तिनं चित्रं दाखवली, मोठ्या पडद्यावर, किती सुंदर! मुलींनी शांतपणे ऐकलं. शेवटी एकीनं हात वर केला.

"ताई, छान होतं. पण आता तुमच्या आई बोलणार नाहीत का?"

बाहेर आल्यावर आम्ही बाजारात गरम आलुबोंडे घेतले. मुलीनं पहिला घास घेतला, फुंकर मारत गिळला आणि माझ्याकडे वळली.

"पुढच्या महिन्यात मले एका कॉलेजात बोलायचं हाय. तू कसं सांगितलं होतं ते? सुरुवातीपासून सांग बरं."

मी बोटं पुसली आणि सांगायला लागले.