स्वयंपाकघराखालचा खुंट

लाखनीच्या शाळेत मी वीस वर्षं विज्ञान शिकवतेय. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. तुम्हीही हे वाचता वाचता उठलात, तरी मला राग येणार नाही. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं... आणि त्यात माझाच हात होता.

माझं माहेर कोंढ्याजवळ, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीला लागून. पावसाळ्यात बोडीचं पाणी अंगणात येतं, म्हणून बाबांनी घर कमरेएवढं उंच, बिजाच्या लाकडाच्या अकरा खुंटांवर उभं केलं. खाली कोंबड्या, वर आम्ही. रीत अशी, की खुंट रोवताना घरातल्या एकानं तो दोन्ही हातांनी धरायचा, माती ठोकून होईपर्यंत सोडायचा नाही. मग तो खुंट त्याचा. स्वयंपाकघराखालचा मायनं धरला होता, नवी नवरी असताना.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावानं, धनराजनं, सगळे खुंट काढून सिमेंटचे खांब घालायचं ठरवलं. काही सडले होते, हे खरं. माय एवढंच म्हणाली, "माझ्या खुटाले हात नोको लावू. मी हाये तोवर राहू दे."

धनराज हो म्हणाला. आणि लगेच मला फोन — ताई, तिला आठवडाभर तुझ्याकडे ने, डोळे दाखवायचे म्हणून सांग. मी नेलं. शिकलेल्या लेकीनं सत्तरीच्या आईला फसवलं, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी माय माझ्या ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. फरशी सपाट, कोरडी. एकदम तिनं ओटा पकडला. "शालू, जमीन खचून राहिली," म्हणाली आणि उजव्या अंगावर कोसळली. उचलून बसवलं तर माझ्याकडे बघत विचारते, "माझा खुट काढला ना त्यानं?" मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. तिच्या तोंडावर खोटं बोलले मी.

संध्याकाळी धनराजनं मोठ्या कौतुकानं व्हिडिओ पाठवला. ट्रकवाल्यांकडून आणलेल्या जॅकवर घर उचललंय आणि तो खुंट उपटतायत. व्हिडिओवरची वेळ — सकाळची अकरा वीस. मायला दवाखान्यात न्यायला मी ऑटोवाल्याला फोन लावला होता तो अकरा बावीसला. दोन्ही अजून माझ्या मोबाईलमध्ये आहेत.

भंडाऱ्याला एमआरआय केला. लकवा नाही, हाड मोडलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. पण तेव्हापासून माय सरळ उभी राहत नाही. उजवीकडे कलते.

खांब घालणारा मिस्त्री जुना माणूस. तो म्हणाला, मायचा हात नव्या खांबाला लावून बघा. नेलं तिला. तिनं हात लावला, काढून घेतला. मग जुना खुंट कुठाय विचारलं, तर भावजयीनं तो आंघोळीचं पाणी तापवायला जाळून टाकलेला! मिस्त्री खाली बघत म्हणाला, "आतून पक्का होता तो, बाई. काढाची गरजच नोहोती."

योगायोग असेल. वर्गात मी हेच सांगितलं असतं. घर आता कुठूनही लेव्हल लावून बघा, रेषभर कललेलं नाही. धनराज आल्यागेल्याला दाखवतो. माय माझ्याकडेच असते.

काल तिला न्हाणीत नेताना दोन्ही हातांनी धरलं होतं. म्हणाली, "धर बरं नीट. माती ठोकून होयेपर्यंत सोडू नोको."

काय झालं असेल ते मला अजून सांगता येत नाही. मी धरून उभी राहिले.