ठीक असलं तरी कळवा

हॅलोभाऊंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखाने पडून होतं. बाकी सगळ्या जगाला ते हॅलोभाऊ. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत टेलिफोनचं खातं त्यांच्याकडे होतं, म्हणजे खातं म्हणून जे काही होतं ते हेच एक गृहस्थ. दिवसभर कुठल्या ना कुठल्या टेबलाखालून त्यांचे पाय बाहेर आलेले असत आणि आतून आवाज येई, "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" आवाज सगळ्या मजल्याला येत असे. ज्या फोनमधून यायला हवा तो सोडून.

मागच्या खोलीत, झेरॉक्सच्या आणि मोडक्या खुर्च्यांच्या पलीकडे, एका लोखंडी कपाटात कंपनीचा व्हॉइस मेसेजचा सर्व्हर होता. कोणाच्या लिफ्टचं दार मिटेना, कोणाची लिफ्ट मजल्याच्या वीतभर वर थांबायला लागली, की लोक कंपनीला फोन करत. ऑफिसात फोन उचलणं हा कमीपणा समजला जाई. मग एक गोड बाई सांगायची, "कृपया आपला निरोप ठेवा." ही बाई साहेबांशी कडाक्याचं भांडून केव्हाच नोकरी सोडून गेली होती, पण साहेबांच्या ग्राहकांशी तिचा गोडवा तसाच राहिला होता. लोक निरोप ठेवत, म्हणजे शिव्या देत. सर्व्हर त्या शिव्या जपून ठेवी आणि ज्या त्या मेकॅनिकच्या मोबाइलवर पोचवी.

ऑफिसात सर्व्हरचा उपयोग एवढाच. हॅलोभाऊंच्या संसारात मात्र त्याला फार मानाचं स्थान होतं. "सर्व्हर बंद पडलाय, जावं लागेल," या एका वाक्याच्या जोरावर ते सोसायटीच्या मीटिंगांतून सुटले होते, मामेसासऱ्यांच्या सत्कारातून सुटले होते आणि एकदा तर व्याह्यांच्या कवितांतूनसुद्धा सुटले होते. वाक्य म्हणताना चेहरा असा पाडायचे की समोरच्यालाच वाईट वाटावं. बिचाऱ्याला सुट्टीच्या दिवशीही चैन नाही, असं म्हणून कोणीतरी पाठीवर हात ठेवायचं. मग भाऊ खरोखर ऑफिसात जायचे. खोटं बोलायचं ते नीट बोलावं, अशी त्यांची वृत्ती. मागच्या खोलीत सर्व्हरसाठी एसी होता, त्यातल्या त्यात धड अशी एक खुर्ची होती आणि बोलणारं कोणीही नव्हतं. दोनेक तास डुलकी काढून ते दमलेल्या चेहऱ्याने घरी यायचे.

या वाक्याचा सगळ्यात जास्त वापर मेहुण्यांच्या घरी होई. मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, दर महिन्याच्या एका रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावत आणि जेवण झालं की दारं लावून घेतल्यासारखे टीव्हीवर आपल्या सहलीचे फोटो दाखवत. "हा विमानतळ. हा विमानतळाचा बाहेरचा भाग. हा तोच बाहेरचा भाग, पण हिने काढलेला." माणूस मनाचा वाईट नव्हता. वाईट असता तर भांडून तरी उठता आलं असतं.

बायको एका दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा द्यायचं काम करायची. तिच्यापाशी भाऊ एरवी खोटं बोलत नसत. पगार किती, डोकं कुठे दुखतं, कोणाची उधारी, सगळं सांगायचे. फक्त हे एकच. आणि एकच असल्यामुळे ते भलतंच मोठं होऊन बसलं होतं. हे तिला कळलं तर बाकीच्या सगळ्या खऱ्यावरचाही तिचा विश्वास उडेल, याची त्यांना मनापासून धास्ती होती.

मग एके दिवशी सर्व्हर खरोखरच बिघडला, आणि बिघडला तो अगदी सोज्वळपणे. यंत्र चालू, हिरवे दिवे लुकलुकतायत, बाई गोड बोलतेय. पण आतली जागा भरून गेली होती आणि निरोप कुठेच साठत नव्हते. आठवडाभर एकही तक्रार आली नाही. साहेबांनी सगळ्यांना बोलावून मेकॅनिकांचं तोंड भरून कौतुक केलं, चहा मागवला आणि स्वतःच्या देखरेखीवर दोन शब्द बोलले. ते दोन शब्द चालू असतानाच सातव्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त गृहस्थ जिने उतरून, रस्ता ओलांडून ऑफिसात आले आणि त्यांनी आपला निरोप साहेबांच्या तोंडावर ठेवला. तो कुठल्याही सर्व्हरवर मावला नसता.

ते गेल्यावर साहेबांनी भाऊंना आत बोलावलं. "यापुढे या डब्यावर लांबून नजर पाहिजे. बिघाड झाला की घरबसल्या कळलं पाहिजे आणि घरबसल्या दुरुस्त झालं पाहिजे."

घरबसल्या हा शब्द म्हणजे भाऊंच्या सुटकेच्या वाक्यावरच घाला होता. "साहेब, यंत्राला माणसाचा हात लागतो हो."

"लागू दे ना. लांबून लागू दे."

भाऊंनी ते काम टाळायचा बराच प्रयत्न केला. केबल नाही, परवानगी नाही, पासवर्ड सापडत नाही. पण एकदा हात घातल्यावर वाईट काम करणं त्यांना जमेना. तोंडाची गोष्ट वेगळी, हाताला तशी सवय नव्हती. कंपनीच्या गोदामात दुसरा एक कॉम्प्युटर होता, त्याला त्यांनी या सर्व्हरच्या मागे लावून दिलं. तो दर पाच मिनिटांनी विचारायचा, जिवंत आहेस का? आत किती जागा उरली, तेही बघायचा. आणि भाऊंना स्वतःलाच आवडलेली करामत म्हणजे तो कॉम्प्युटर मधून मधून ग्राहक असल्यासारखा फोन लावायचा, एक शिट्टीसारखा आवाज ठेवायचा, तो आवाज नीट साठला का हे बघायचा आणि पुसून टाकायचा. कुठे काही चुकलं की मोबाइलवर मेसेज, आणि घरच्या लॅपटॉपवरून सर्व्हर पुन्हा चालू करायची सोय. काम इतकं चोख झालं की भाऊंना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

साहेबांनी सगळं समजून घेतल्यासारखी मान हलवली. मग विचारलं, "आणि मेसेज आलाच नाही तर?"

"तर समजायचं सर्व ठीक आहे."

"आठवडाभर आपण तेच समजत होतो."

साहेब सहसा बरोबर बोलत नसत, त्यामुळे भाऊ गडबडले. "मग?"

"ठीक असलं तरी कळवा. दर तासाला. आणि एका नंबरवर नको, दोन ठेवा. एकाने नाही बघितला तर दुसरा बघेल."

दुसरा नंबर कोणाचा, यावर ऑफिसात शोककळा पसरली. साहेब म्हणाले, जबाबदारी माझीच, पण नंबर माझा नको. मेकॅनिकांनी कानांवर हात ठेवले. शेवटी भाऊंनी बायकोचा नंबर टाकून दिला. तिचा फोन पर्सच्या तळाशी रुमाल, किल्ल्या आणि दवाखान्याच्या पावत्यांखाली गाडलेला असे. दिवसभर दुसऱ्यांचे दुखरे दात ऐकल्यावर घरी ती फोनकडे ढुंकून बघत नसे. मुलीने पाठवलेला मेसेज तिला मुलगी घरी आल्यावर तोंडी कळायचा. तिच्याइतका सुरक्षित नंबर भाऊंना दुसरा माहीत नव्हता. त्यांनी घरी यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे झालं, वाक्य अजून शाबूत आहे, असा त्यांचा हिशोब.

पुढच्या महिन्याच्या रविवारी तो हिशोब बरोबर आला. मेहुण्यांचे फोटो सुरू झाले, भाऊंनी चेहरा पाडला, वाक्य म्हटलं आणि काढता पाय घेतला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरच्या रविवारी मेहुणे नव्या सहलीचे फोटो घेऊन तयार होते. विमानाच्या खिडकीतून दिसणारे ढग चालू होते. ढग, आणखी ढग, हिने काढलेले ढग. भाऊ खिसे चाचपत उठले.

"सर्व्हर बंद पडलाय. जावं लागेल."

"आत्ता?" मेहुण्यांना खरंच वाईट वाटलं. "अहो, अजून विमान खाली उतरलं नाही!"

तेवढ्यात बायकोच्या हातात फोन दिसला. पर्सच्या तळाशी नव्हता, हातात होता. भाऊ तिच्या मागेच उभे होते, त्यामुळे त्यांना सगळं दिसलं. व्हॉइस सर्व्हर, सर्व ठीक. त्याखाली व्हॉइस सर्व्हर, सर्व ठीक. त्याखाली पुन्हा तेच. सगळ्यात वरचा मेसेज आत्ताच आलेला. ती ते अंगठ्याने सावकाश वर सरकवत होती आणि वाचून झालेलं असल्यासारखी सरकवत होती. मग तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

 मेहुण्यांसमोर शोभा होईल याची भाऊंना भीती नव्हती, ती त्यांनी कधीच बाळगली नव्हती. भीती होती ती तिच्या नजरेची. उद्या डोकं दुखतंय म्हटलं तर ही अशीच बघणार, असं त्यांना वाटलं.

"हो ना," बायको म्हणाली. "बंद पडलाय. मलाही आलाय मेसेज." ती पर्स घेऊन उठली. "दादा, मी पण निघते ह्यांच्याबरोबर. दोघं लागतात त्याला."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"दुसरा नंबर माझाच आहे," ती म्हणाली आणि सरळ दाराकडे चालू लागली.

 रस्ताभर भाऊ बोलायला तोंड उघडायचे आणि हवा खाऊन मिटायचे. ऑफिसात शिरल्यावर त्यांनी मागची खोली उघडली. तिने आत येऊन कपाट पाहिलं, हिरवे दिवे पाहिले, एसीकडे पाहिलं. शेवटी ती एकुलती एक धड खुर्ची पाहिली आणि तिच्यावर बसली.

"कधी कळलं तुला?" भाऊंनी भिंतीकडे बघून विचारलं.

"मेसेज यायला लागले तेव्हा आधी वाटलं, चुकून कोणाचे तरी येतायत. मग गेल्या वेळी तुम्ही दादाकडून उठलात, आणि मागून घरी आल्यावर मी दाराच्या किल्ल्या काढायला पर्समध्ये हात घातला तर हा फोन ओरडतोय, सर्व ठीक, सर्व ठीक."

"तेव्हाच बोलायचं होतंस."

"काय बोलायचं? खोटं बोललात म्हणून?" ती हसली, पण ते हसणं लगेच ओसरलं. "त्याचा राग नाही हो मला. दादाचे फोटो मला काय आवडतात? लहानपणी तो जमवलेली फुलपाखरं दाखवायचा, तेव्हापासून सहन करतेय मी. राग कशाचा आहे सांगू? दर वेळी तुम्ही एकटे सुटलात. मला तिथेच टाकून. मी आपली म्हणायचे, बिचारा काम करत असेल, आणि घरी आल्यावर तुम्हाला गरम चहा करून द्यायचे. इतकी वर्षं. एकदासुद्धा वाटलं नाही का, हिलाही घेऊन जावं म्हणून?"

 भाऊंना वाटलं नव्हतं, हेच खरं होतं. ती तिथे कंटाळत असेल हा विचारच त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता, आणि आता तो आला तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कपाटातल्या दिव्यांकडेही बघवेना. त्यांनी केबलचं एक खोकं उलटं केलं आणि तिच्या शेजारी त्याच्यावर बसले.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

  तेवढ्यात तिचा फोन वाजला. मेहुणे होते, आणि नेहमीप्रमाणे इतक्या जोरात की भाऊंना सगळं ऐकू येत होतं. "झालं का गं? आम्ही सगळे थांबलोय तुमच्यासाठी. विमान तसंच वर ठेवलंय!"

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा पडला, खांदे खाली आले, आवाजात सुट्टीच्या दिवशीही चैन नसलेल्या माणसाचा थकवा आला. भाऊ बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना स्वतःला तो इतका छान जमला नव्हता.

"नाही रे दादा," ती म्हणाली. "फारच बिघडलंय. आम्हाला संध्याकाळ होईल. तुम्ही पुढे बघा."

फोन ठेवून तिने चपला काढल्या आणि म्हणाली, "सरका जरा तिकडे, पाय लांब करायचेत मला."