टँकरच्या लायनीत पास झालेला कोश

मराठवाड्यातला पहिला मराठी संगणक-कोश आम्ही काढला. आम्ही म्हणजे पाठक सर आणि साळवे मॅडम. मी चहा आणायचो आणि शब्दांची कार्डं लावायचो. एबीसीडी धड येत नसल्यानं ती मॅडमना पुन्हा लावावी लागायची. आणि तो पहिलाच होता का, तेही कुणी तपासलं नाय.

टाकीतलं पाणी उतरलं की गाळ दिसतो, तसे म्हातारपणी किस्से दिसतात. उपसावेत म्हणतो.

सर कॉलेजातून निवृत्त. त्यांनी आधी संगणकाच्या शब्दांची एक पुस्तिका काढलेली, सगळी संस्कृतात बुडवलेली. एकदा ती त्यांना त्यांच्याच कॉलेजात सापडली, लंगड्या टेबलाच्या पायाखाली. सरांनी ती ओढून काढली, धोतरानं पुसली आणि मला म्हणाले, "जना, पुढचा कोश माणसांना कळला पाहिजे. नाहीतर काढायचाच नाही."

औरंगपुऱ्यात एका छापखान्याच्या माडीवर कोश सुरू झाला. सालं दुष्काळाची. खाली गल्लीत टँकर यायचा, त्याच्या आधीच घागरी-ड्रमांची लाइन लागायची. सरांना आयते परीक्षक मिळाले! लायनीत शब्द सांगायचा. कळला तर कोशात, नाय तर परत माडीवर.

लायनीची हेडमास्तरीण रुक्मिणबाई, भाजीच्या गाडीवाली. डिलीटसाठी सरांनी 'विलोपन' काढला. बाईनं ऐकला, घागर पुढं सरकवली आणि हळूच विचारलं, "कोण वारलं, सर?"

सर कार्ड घेऊन माडीवर परतले. संध्याकाळी कार्डावर 'पुसणे' लिहिलं.

*

सर्व्हरचं कोडं मात्र लायनीनंच सोडवलं. सर सांगत होते, सगळा साठा एकाकडं, बाकीचे मागणार, तो एकेकाला देणार. सगळ्या बायांनी टँकरकडं बोट केलं. सरांनी तिथंच ड्रमवर कार्ड ठेवून लिहून घेतलं.

मग सरांना चटकच लागली. बँडविड्थ म्हणजे पाइपाची जाडी. बफर म्हणजे दारातला ड्रम. हँग म्हणजे बाया उभ्या, टँकर उभा आणि ड्रायव्हर चहाला!

पुण्याहून एक तज्ज्ञ तपासायला आले. पानं चाळून म्हणाले, हा संगणकाचा कोश आहे की पाणीपुरवठ्याचा? साळवे मॅडम करमाडच्या. घरचं पाणी भरून रोज एसटीनं यायच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या नळाला रोज पाणी येत असेल सर, तर तुम्हाला हा जरा अवघड जाईल."

*

छपाईच्या तोंडावर नेमके टँकर बंद पडले आणि शेवटचा गठ्ठा तपासायचा राहिला. सरांचा चेहरा बघवंना. मी खाली गेलो आणि ओरडलो, "टँकर आला!"

गल्ली भरली. सरांनी अख्खा गठ्ठा पास करून घेतला. टँकर काय दिसंना. रुक्मिणबाईनं रिकामी घागर माझ्या डोक्यावर पालथी घातली आणि म्हणाली, "पाणी असतं तर ओतलं असतं."

*

कोश निघाला. शहर फुगत होतं, गल्लीगल्लीत कंप्युटर क्लास. चितेगावच्या एका क्लासात सरांना आमचा कोश दिसला. पाठ निखळलेली, पानं बोटांनी काळी पडलेली, 'सर्व्हर'च्या पानावर चहाचा डाग. सरांनी तो छातीशी धरला. "जना, फाटलाय रे," म्हणाले. पोरगा पहिला आल्यावर बाप बोलतो, त्या आवाजात.

*

मग मोबाइल आले, नवे शब्द आले, जुन्या शब्दांचा जीव गेला. दुसऱ्या आवृत्तीला साळवे मॅडम मुख्य संपादक झाल्या. पण सरांचा हट्ट, लायनीत पास झाल्याशिवाय एक शब्द आत येणार नाय. आणि लाइन आणायची कुठून? चांगले पाऊस पडत होते, टँकर बंद. ढग आले की सर खिडकी लावून घ्यायचे. अख्ख्या शहरात पावसावर रुसलेला माणूस एकच, आणि तो आमच्या माडीवर!

शेवटी पुन्हा दुष्काळ पडला. हॉर्न ऐकून सर काठी टेकत जिना उतरले. माझ्या एका हातात त्यांची खुर्ची, दुसऱ्या हातात कार्डं. लायनीत पहिलीच रुक्मिणबाई, आता केसांनी पांढरीफेक. सर खुर्चीत बसले, चष्मा लावला, पहिलं कार्ड उचललं.

बाईनं घागर खाली ठेवली.

"सर, तुम्ही पुस्तक काढायला घेतलं की आमचं पाणी जातं. औंदा एकदाचं पुरं करा, म्हंजी पाऊस तरी यील."