मांडीवर न घेण्याचा नवस

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या अख्ख्या जयसिंगपूरला माहीत आहे. एकदा बोलले की बोलले, शब्द मागं घेत नाही. पण त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये जे बोलले तेवढं मागं घेता आलं असतं तर, असं आजही रोज वाटतं.

सातव्या महिन्यातच मी बाळंत झाले. मुलगा झाला. मी नीट बघायच्या आत त्याला उचलून नेलं आणि तासाभरात आम्ही कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्याकडं निघालो. तो काचेच्या पेटीत, मी शेजारच्या बाकावर. हातकणंगल्याच्या अलीकडं त्याचा श्वास अडकला. बरोबरचा डॉक्टर काय काय करत होता, मला काही कळेना. मी मागच्या काचेतनं नृसिंहवाडीच्या दिशेला हात जोडले आणि म्हणाले, "दत्त महाराज, एवढा वाचवा. आधी तुमच्या पायावर घालीन, मगच माझ्या मांडीवर घेईन."

त्याचा श्वास परत सुरू झाला. झालं! माझ्या लेखी तो शब्द पक्का झाला.

दवाखान्यात ठरलेल्या वेळीच आत सोडायचे. कोपरापर्यंत हात धुवायचे, गाऊन घालायचा आणि पेटीच्या गोल खिडकीतनं एक बोट आत. त्याच्या नाकात नळी, पायाला सुई. पायावरच्या पट्टीवर माझं नाव होतं, कारण त्याला अजून नाव नव्हतं. दूध काढून वाटीतनं सिस्टरकडं द्यायचं. आमचे हे कागलच्या एमआयडीसीतनं पाळी सुटली की थेट यायचे, काचेला नाक लावून उभे राहायचे. दुधानं माझा पदर भिजायचा आणि मांडी मात्र रिकामी.

सहाव्या दिवशी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आजपासून बाळाला छातीशी घ्या. अंगाला अंग लागू दे. नळ्या आम्ही सांभाळतो. आईजवळ असलं की बाळाचा श्वास शांत होतो."

मी म्हणाले, "नको."

"भीती वाटते का?"

"वाटते," मी खोटं बोलले. नवसाचं सांगितलं तर हसतील असं वाटलं, आणि मला कुणी हसलेलं खपत नाही.

सातव्या दिवशी त्यांनी परत विचारलं. आठव्याही. शेजारच्या पेटीतल्या पोरीची आई निपाणीकडची होती. ती लेकीला छातीशी धरून खुर्चीत बसायची, कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणायची. माझा असा जळफळाट व्हायचा! मी भिंतीकडं तोंड करून बसायची. हात नुसते शिवशिवायचे. एकदा बाथरूममध्ये जाऊन टॉवेलची गुंडाळी छातीशी धरून बघितली. खुळ्यागत.

नवव्या दिवशी सासूबाई डबा घेऊन आल्या. त्यांना मी आत्ती म्हणते. आमचं दोघींचं कधी फारसं पटलं नाही. सिस्टर त्यांना म्हणाली, "आजी, बाळाची आई त्याला घ्यायलाच तयार नाही." आत्तींनी मला कोपऱ्यात ओढलं आणि मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, त्या तरी बरं केलंस म्हणतील. दर पौर्णिमेला वाडीला जाणारी बाई ती.

"खुळी हाईस काय गं?" आत्ती एवढ्या जोरात ओरडल्या की वॉचमन आत डोकावला. "देवाला दुसरं काय काम न्हाय व्हय? आईच्या हातातलं पोर काढून घेतोय व्हय त्यो? घे त्येला आधी! दोष लागला तर मला लागू दे की."

सिस्टरनं नळ्या सांभाळत त्याला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. एवढासा जीव, पण काय त्याची ऊब! डोकं बरोबर माझ्या हनुवटीखाली बसलं. मशीनवरचा आकडा रोज वरखाली नाचायचा, तो हळूहळू एका जागी थांबला. "बघा, ओळखलं की त्यानं," सिस्टर म्हणाली. दीड तास मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या, तहान लागली, तरी हलले नाही. माझ्या आयुष्यात मी तेवढी गप्प कधीच बसले नसेन.

दहाव्या दिवशी परत घेतला. अकराव्या दिवशी सकाळी रक्तात जंतू पसरलेत म्हणाले. दुपारी डॉक्टर मॅडमनी स्वतः आणून त्याला माझ्या मांडीवर दिलं. नळ्या सगळ्या काढलेल्या होत्या.

पुढं आत्तींबरोबर मी वाडीला गेले. पाया पडायला नव्हे, भांडायला. घाटाच्या पायऱ्या उतरेपर्यंत काय काय बोलायचं ते ठरवत होते, आणि पादुकांसमोर उभी राहिल्यावर तोंडच उघडेना. देवानं कुठं मागितले होते ते तीन दिवस? माझे मीच दिले.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "आधी घेतलं असतंत तरी तो वाचला नसता. मनाला लावून घेऊ नका." मान्य. पण ते तीन दिवस मला त्याला वाचवायला नकोच आहेत. नुसते धरून बसायला हवेत.